तिच्यासाठी मागे कोण जाणार?

‘इरेझ्ड’ ही २०१६ सालची जपानी ॲनिमे मालिका मी दोन रात्रींत पाहून काढली. तिशीला टेकलेला सातोरू १९८८ सालात, आपल्या शाळकरी वयात पोचतो. कायो ही वर्गातली मुलगी घरी आईचा मार खाते, पुढे तिचा खून होतो. तो त्याला टाळायचा असतो. मैत्रिणींनो, केस हातची गेल्यावर ‘तेव्हाच तिच्या घरी गेले असते तर’ असं कुणाला वाटलं नाही? मला ओढ लागली ती त्यामुळेच.

पण नुसतं मागे जाऊन भागत नाही. पहिल्या खेपेला कायो मरतेच. दुसऱ्या खेपेला सातोरूची आई तिला घरी ठेवून घेते, सकाळी साधी न्याहारी वाढते, आणि पोर रडते. मग बालकल्याणचे अधिकारी, आजी.

एक खटकलं. कायोच्या आईनेही नवऱ्याचा मार खाल्लेला असतो. ते कळतं ओझरतं, लेक हातची जाताना. तिच्या शेजारी तेव्हा कुणीच राहत नव्हतं का?