दान आणि देणं

मागच्या मार्चमध्ये सोलापुरातल्या एका व्यवस्थापन संस्थेत प्रकल्पांची तोंडी परीक्षा घ्यायला गेलो होतो. विषयाचं नाव भारदस्त: ‘उद्योगांची सामाजिक जबाबदारी आणि शाश्वतता’. मुलांच्या तोंडी नुसतं सीएसआर. बहुतेक प्रकल्प मोठ्या कंपन्यांवरचे. कुणी शाळेला बाक दिले, कुणी झाडं लावली, शिवाय झाडाशेजारी हसणाऱ्या साहेबांचे रंगीत फोटो. एका मुलाला सहज विचारलं, घरी काय करतात? म्हणाला, ‘टॉवेलचे माग आहेत सर. वडील मजुरीवर चालवतात.’ मजुरीचं बिल किती दिवसांनी मिळतं? ‘तीन महिने लागतात. कधी चार.’ मग हे प्रकल्पात का नाही घेतलंस? मुलगा गोंधळला. ‘सर, ते सीएसआरमध्ये येत नाही.’

पुस्तकाप्रमाणे त्याचं बरोबरच होतं. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचा निव्वळ नफा वर्षाला पाच कोटी, किंवा उलाढाल हजार कोटी, किंवा निव्वळ मालमत्ता पाचशे कोटी, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चायचे. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून एक चक्कर मारा आणि या चाळणीत किती गाळे अडकतात ते मोजा. आपल्याकडे धंदा भागीदारीत, घरच्या नावावर, नाहीतर सहकारी कारखान्याच्या पाटीखाली चालतो. ज्या मालकांकडे ही मुलं उद्या नोकरीला लागतील, त्यांतल्या बहुतेकांना हे कलम शिवतही नाही. मग वर्षभर शिकवलं काय?

शिकवलं ते दान. राहिलं ते देणं.

कायद्याला मात्र हा फरक नीट कळतो. सीएसआरच्या नियमांतच लिहिलंय की स्वतःच्या कामगारांच्या फायद्यासाठी केलेला खर्च या दोन टक्क्यांत धरायचा नाही. का? कारण ते कामगाराचं देणं आहे, तुमची मेहेरबानी नव्हे. हा एक नियम फळ्यावर लिहून दोन तास चर्चा घडवली, तर अर्धा विषय तिथेच संपेल.

देण्याला मुदत असते, आणि आपल्या जिल्ह्यातली देणी दिवसांत मोजता येतात. ऊस गेला की १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराचे, पैसे शेतकऱ्याला मिळाले पाहिजेत, नाहीतर वर १५ टक्के व्याज. हा आदेश १९६६ चा. ऊस पिकवणाऱ्या या जिल्ह्यातल्या किती एमबीएंनी तो वाचलाय? लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायचं, हे २००६ च्या कायद्यात आहे. त्या मुलाच्या वडिलांच्या मागाची उद्योग म्हणून नोंदणी असेल, तर हा कायदा त्यांच्याच बाजूचा. अलीकडे आयकरातही पाचर मारली: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजावटीला धरायचा नाही. २०२४ च्या मार्चअखेरीला देशभरच्या कापडबाजारात त्यावरून केवढी पळापळ झाली होती! उधारीवर उभा असलेला बाजार हादरला, कारण देण्याची तारीख पहिल्यांदा कराशी बांधली गेली. एखाद्या वर्गाला याहून जिवंत धडा कुठला हवा?

विडीचं घ्या. १९७६ च्या कायद्यानं विडीवर उपकर बसला. त्यातून विडी कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरांना मदत असं सगळं चालायचं. विडीचा धूर वाईटच, त्याबद्दल वाद नाही. पण माल निघाला की कामगाराचा वाटा बाजूला निघायचा, नफ्यातोट्याची वाट न पाहता. सीएसआर येण्याच्या कितीतरी आधीची ही सोय २०१७ मध्ये जीएसटीच्या लोंढ्यात वाहून गेली. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत २००६ मध्ये दहा हजार विडी कामगार बायकांना घरं मिळाली, जानेवारी २०२४ मध्ये शेजारच्या रे नगरात पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. त्यामागे कामगारनेते आडम मास्तरांच्या लाल बावट्याची कित्येक वर्षांची आंदोलनं आणि सरकारी योजना होत्या. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यानं हे दोन्ही ठिकाणी जाऊन विचारावं: घर कुणी मागितलं, पैसे कुणी घातले, आणि मालकांचा हात त्यात कुठे होता?

आणि १८ मे २०२५. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली. मालक, त्याच्या घरातली माणसं आणि कामगार असे आठ जण गेले. मालकही आतच राहत होता, हे विसरू नका. माग आणि चूल एकाच छपराखाली ही या शहराची जुनी रीत आहे. धोका नोकरावर ढकलणारा मालक पुस्तकात सापडतो. स्वतःच त्या धोक्यात झोपणारा मालक सापडत नाही. त्याला जबाबदारी कशी शिकवायची, हा प्रश्न सोलापूरचा आहे. परदेशातली कुठलीही केस त्याचं उत्तर देणार नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक विद्यार्थ्यानं एक टॉवेल घ्यावा. सूत कुठलं, रंगाईचं पाणी कुठून आलं नि कुठे गेलं, मागावरच्या माणसाला किती मिळाले, बिल कितव्या दिवशी चुकतं झालं, आग लागली तर दुसरं दार कुठे, एवढं दहा पानांत लिहावं. परदेशी ग्राहकाचा तपासनीस आला की हेच विचारतो, तेव्हा नोकरीच्या बाजारातही हे खपेल. अडचण एवढीच की विद्यार्थ्याला हिशेबाची वही दाखवणार कोण? बऱ्याच संस्थांच्या संचालक मंडळात कारखानदारच असतात.

परीक्षा आटोपल्यावर त्या विषयाचे सर मला रिक्षापर्यंत सोडायला आले. तरुण, हुशार, तासिका तत्त्वावर नेमलेले. सीएसआर चार वर्षं शिकवतात. मानधन वेळेवर मिळतं ना, असं मी आपलं बोलता बोलता विचारलं. ते हसले.

‘दिवाळीपर्यंतचं मिळालंय, सर.’