जावयाला बारशाचा पाहुणा करू नका

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज लखनौच्या इंदिरानगरात राहूनही आम्ही मराठी घरांनी सोडलेला नाही. सातव्या महिन्यात ओटी भरून सून नागपूरला जाते, नवरा इथे एकटा. शेक-शेगडी, अळिवाची खीर, आईच्या हातचं मऊ भात-तूप. त्या विसाव्याचं मोल मी जाणते. पण शेजारचा मुलगा मी जवळून पाहते आहे. लहानपणी रडला की त्याला दाराबाहेर उभं करत. आता माहेरी गेलेली बायको फोनवर रडली की तो गप्प होतो, फोन ठेवतो आणि बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत बसतो. तिला वाटतं, याला काही पडलेलीच नाही. काळजी त्याला आहे. ती बोलून दाखवायची असते, हे घरात कुणी शिकवलंच नाही.

मूल आणि आईबापांमधल्या ओढीचा जॉन बोल्बी यांचा सिद्धांत मानसशास्त्रज्ञ हेझन आणि शेव्हर यांनी १९८७ मध्ये प्रौढांच्या प्रेमाला लावून पाहिला. लहानपणी जडलेली सवय मोठेपणीच्या नात्यातही उतरते, ती अशी. पण बालपण ही काही ललाटरेषा नव्हे. भरवशाच्या सहवासात माणूस बदलू शकतो. आपण मात्र नेमका बाळंतपणाच्या वेळीच नवरा-बायकोचा सहवास तोडतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पितृत्व रजा मिळते १५ दिवसांची. निदान ती तरी बाळ-बाळंतिणीजवळ जाऊ द्या. सासूबाईंनो, जावयाला रात्री बाळ घेऊन जागू द्या, लंगोट बदलू द्या.