लष्करातून निवृत्त, गावात रुजू

सप्टेंबर २०२२ मधली ती सकाळ तुम्ही बेळ्ळंदूर, येमलूर किंवा सर्जापूर रस्त्याच्या बाजूला राहत असाल तर विसरला नसाल. आउटर रिंग रोडची नदी झाली होती. लॅपटॉपची बॅग छातीशी धरून लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून ऑफिसला निघाले होते. माणशी पन्नास रुपये घेतात, असं बातम्यांतही आलं होतं. त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी उंच चाकांच्या लष्करी ट्रकचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'चला, वर्गणी काढून हाच घेऊ.' चाळीस अंगठे आले.

एकच उत्तर वेगळं होतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, 'माझ्याकडे आहे. आणायचा नाही.'

काका मूळचे सातारा जिल्ह्यातले. लष्कराच्या ईएमईत, म्हणजे गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये, त्यांची नोकरी झाली. शेवटची वर्षं इथल्याच उलसूरच्या ५१५ आर्मी बेस वर्कशॉपमध्ये गेली, आणि मुलीची नोकरी बेळ्ळंदूरला म्हणून ते इथेच राहिले. गावाकडे शेताच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची 'वन टन' उभी असते. लष्करातून निकाली निघालेला निसानचा एक टनी ट्रक. दर दोन महिन्यांनी रात्रीची बस पकडून काका तिला भेटायला जातात. हो, 'तिला'. ट्रक पुल्लिंगी असतो हे मी त्यांना एकदाच सांगून पाहिलं.

ही गाडी आली कुठून, हे आधी थोडक्यात. स्वातंत्र्यानंतर लष्कराला ट्रक लागत होते आणि ते इथेच बनवायचे होते. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ मध्ये जबलपूरला 'शक्तिमान' बनायला लागला. जपानच्या निसानच्या परवान्यावर हा एक टनी ट्रक आणि 'जोंगा' आले. जोंगा हे नाव कुठल्या प्राण्याचं नाही, जबलपूरच्या आयुध कारखान्याच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं आहेत. १९६९ मध्ये जबलपूरला खास वाहनांचा कारखाना उभा राहिला. या गाड्यांनी लडाखपासून कच्छपर्यंत सगळीकडे हमाली केली आणि मग लिलावात निघाल्या. २०१९ मध्ये महेंद्रसिंह धोनी रांचीत जुनी लष्करी निसान चालवताना दिसला, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवरही दोन मामांना अचानक शेती आठवली होती.

तर तुमच्याही घरी असे मामा असतील, किंवा ते मामा तुम्हीच असाल, तर काकांकडून ऐकलेलं इथे सांगते.

लष्कर गाडी काढून टाकतं ती दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झाला म्हणून. हे वाक्य दोनदा वाचा. ज्यांच्याकडे स्वतःची वर्कशॉप आहेत, त्यांना जे परवडलं नाही ते तुम्ही घरी आणताय. लिलाव आता ऑनलाइन होतो, एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर. माल 'जसा आहे, जिथे आहे' तसा उचलायचा असतो. बहुतेक हौशी लोक थेट लिलावात उतरत नाहीत, आधी कुणीतरी घेतलेली आणि नंबर मिळालेली गाडी विकत घेतात. काकांनीही पुण्याकडच्या एकाकडून घेतली.

इथे खरा घोळ इंजिनात नसतो, कागदात असतो. लष्करी गाडीला आरटीओचा नंबर नसतो, वर तोंड केलेला बाण असलेला लष्कराचा स्वतःचा नंबर असतो. ती नागरी रस्त्यावर आणायची तर पहिल्यापासून नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी फॉर्म २१ लागतो. नवी गाडी घेताना शोरूम जो विक्रीचा दाखला देतं, तोच हा फॉर्म. लिलावातल्या लष्करी गाडीसाठी तो संरक्षण खात्याचा अधिकारी सही करून देतो. तो नसेल तर गाडी कितीही गोड आवाज करत असली तरी घेऊ नका. आणि असेल तर चासीवर कोरलेला नंबर कागदावरच्या नंबराशी स्वतः, बॅटरीच्या उजेडात, ग्रीस पुसून ताडून बघा. एका गाडीचे कागद आणि दुसऱ्या गाडीची चासी, अशी लग्नं या बाजारात बरीच लागतात. इंजिन बदलून डिझेलचं बसवलं असेल तर तेही आरसी बुकात चढलेलं हवं.

रंगाचं तर अनेकांना माहीतच नसतं. ज्या ऑलिव्ह ग्रीन रंगासाठी आपण या गाडीच्या प्रेमात पडतो, तो रंग खासगी गाडीला लावता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम तेच सांगतो, तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांचा. काकांची वन टन म्हणूनच विटकरी आहे. 'वर्दी उतरवली की उतरवली,' म्हणाले. मला वाटलं त्यांना वाईट वाटत असेल. तसं काही दिसलं नाही.

जुनी आहे तर विंटेज म्हणून नोंदवू, असंही कुणी सुचवेल. २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम आले खरे, पण ते पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकींना आणि प्रवासी चारचाकींना लागू आहेत. जीप त्यात बसू शकेल, मालवाहू ट्रक बसत नाही. शिवाय विंटेज नंबर मिळाला तरी गाडी रोज फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढायची. काकांची वन टन मालवाहू म्हणून नोंदलेली आहे. त्यामुळे तिला दरवर्षी फिटनेस काढावा लागतो, आणि नातवंडांना मागे हौद्यात बसवून जत्रेला नेता येत नाही. नातवंडांचा यावर काकांशी जुना वाद आहे.

आता देखभालीकडे वळते, कारण मला मजा तिथे आली. मागच्या दिवाळीत मी साताऱ्याकडे गेले होते, तेव्हा काकांनी शेडमध्ये बोलावलं. मला वाटलं, फोटो काढू. त्यांनी माझ्या हातात बॅटरी दिली आणि स्वतः गाडीखाली गेले.

अशा गाडीत ग्रीसगनचं काम संपतच नाही. कमानपाट्यांच्या पिना, जॉइंट क्रॉस, किंगपिन, जिथे जिथे ग्रीस निपल दिसेल तिथे जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत पंप करायचं. आपल्या आजच्या गाड्यांना अशी निपल जवळपास नसतातच, म्हणून ही सवयच मोडली आहे. मग डिफरन्शियलचं तेल बघायचं. बोटावर घेतलं आणि ताकासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी शिरलंय, ते तेल त्याच दिवशी काढायचं. नुसती उभी राहणारी गाडी चालणाऱ्या गाडीपेक्षा जास्त बिघडते, हे काकांचं म्हणणं मला आधी उलटं वाटलं होतं. पण ब्रेकचे सिलेंडर धरतात, टायर एका बाजूला चपटे होतात, वायरी उंदीर खातात. (डांबराच्या गोळ्यांनी उंदीर जात नाहीत. त्यांनी फक्त गाडीला आजीच्या कपाटाचा वास येतो.)

पेट्रोलचं दुखणं नवीन आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या बेंगळुरूतूनच देशभर जाहीर झालं, आणि आता पंपावर बहुतेक तेच मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुन्या गाडीची रबरी नळी, कार्बोरेटरमधले रबराचे भाग यासाठी बनलेलेच नाहीत. दोन महिने उभ्या राहिलेल्या लोखंडी टाकीत ते पाणी तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. काकांनी सगळ्या नळ्या बदलून इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, आणि गावाहून निघताना ते टाकीत फार पेट्रोल ठेवत नाहीत. इंजिन जवळपास चार लिटरचं, सहा सिलेंडरचं आहे. लिटरला किती जाते, असं मी विचारलं. काकांनी ऐकलंच नाही असं केलं. काकू म्हणाल्या, 'चार. उतार असला तर पाच.'

फोर व्हील ड्राइव्हबद्दल एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. या जुन्या गाड्यांत पुढची चाकं जोडली की पुढचा आणि मागचा आस एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर ते घसरू शकत नाही, मग सगळा ताण गिअरवर येतो आणि काहीतरी तुटतं. म्हणजे हौसेने रिंग रोडवर फ्रंट गिअर टाकून फिरायचं नाही.

आणि आता ज्यासाठी मी हा लेख खरंतर लिहायला घेतला, ते.

मी गेले त्याच दिवशी एक चाक बसलेलं होतं. काकांनी जवळच्या पंक्चरवाल्या मुलाला बोलावलं. हुशार मुलगा, अठरा-एकोणीसचा, ट्रॅक्टरची चाकं रोज काढणारा. तो बसला, त्याने स्पॅनर लावला आणि काका ओरडले. इतक्या जोरात की बांधावरचे बगळे उडाले.

अनेक जुन्या लष्करी गाड्यांचं रिम अखंड नसतं, दोन अर्ध नटबोल्टने जोडलेले असतात. रानात, हत्यारं नसताना टायर बदलता यावा म्हणून. चाकावर नटांची दोन वर्तुळं दिसतात. आतल्या वर्तुळाचे नट चाक गाडीला धरतात. बाहेरच्या वर्तुळाचे नट रिमचे दोन अर्ध एकमेकांना धरतात. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सैल केले तर आतली हवा ते दोन अर्ध तोफेसारखे उडवते, आणि समोर वाकून बसलेल्या माणसाचं डोकं त्याच रेषेत असतं. चाक बसलेलं दिसलं तरी आत हवा उरलेली असू शकते. मुलाचा स्पॅनर बाहेरच्या वर्तुळावर होता.

त्याचा दोष नव्हता. त्याने असं चाक कधी बघितलंच नव्हतं. काकांनी त्याला चहा पाजला, हात धरून दोन्ही वर्तुळं दाखवली, व्हॉल्वची पिन काढून हवा पूर्ण गेल्याची खात्री कशी करायची ते शिकवलं. मग स्वतः लाल रंगाचा डबा आणून बाहेरचा प्रत्येक नट रंगवला. पूर्वी ब्रिटिश लष्करातही असेच लाल नट असायचे म्हणे. माझ्याकडे पाहत म्हणाले, 'हे मी घेतल्या घेतल्या करायला हवं होतं. मला माहीत होतं म्हणून मी केलं नाही.' तुमच्या घरी, शेतावर, ओळखीच्या गॅरेजात अशी गाडी असेल तर आज तेवढे नट रंगवून घ्या. बाकीचं सावकाश करा.

बेळ्ळंदूरला गाडी का आणत नाही, हे मी परतीच्या बसमध्ये विचारलं. पार्किंगचा खांब आड येतो, हे एक. पण पुराचं कारण मला सुचलं नव्हतं. उंच ट्रक साचलेल्या पाण्यातून गेला की पुढे लाट उठते आणि ती लाट थेट तळमजल्यावरच्या घरात जाते. पाण्याखाली गटाराचं झाकण आहे की नाही ते ड्रायव्हरला दिसत नाही. पेट्रोल इंजिनाची वायरिंग भिजली की गाडी मधोमध बंद. बाहेर निघाल्यावरही ओले ब्रेक लागत नाहीत, हळू चालवत पाय दाबत ते वाळवावे लागतात. 'ट्रॅक्टरवाले बरोबर करत होते,' काका म्हणाले. 'संथ जात होते.'

तरी या भागाला जुन्या लष्करी सामानाचं वावडं नाही. तलावापलीकडे एचएएल आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या मदतीने सुरू केलेली. महायुद्ध संपल्यावर परकी सैन्यांनी कानपूरला लिबरेटर बॉम्बर विमानं मोडतोड करून टाकून दिली होती. एचएएलच्या लोकांनी त्यातली बेचाळीसेक उडण्यापुरती दुरुस्त करून बेंगळुरूला उडवत आणली आणि इथे नीट बांधली. १९४८ मध्ये त्यांचं स्क्वॉड्रन उभं राहिलं, आणि ती विमानं १९६८ पर्यंत हवाई दलात होती. त्यातलं एक आज ब्रिटनमध्ये, रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात आहे. जानेवारी २०१८ मध्ये बेळ्ळंदूर तलाव पेटला होता, तेव्हा आग विझवायला लष्कराचे जवानच उतरले होते. काकांना दोन्ही गोष्टी पाठ आहेत. दुसरी सांगताना ते 'तलाव पेटला' हे शब्द जरा रेंगाळत उच्चारतात.

वन टनचा फिटनेस पुढच्या महिन्यात संपतो. आता बऱ्याच ठिकाणी तपासणी यंत्रावर होते, चाकं रोलरवर ठेवून ब्रेक मोजतात, साहेबाशी गप्पा मारून भागत नाही. मागचा डावा ब्रेक थोडा कमी धरतो, हे काकांना माहीत आहे. त्यांच्या गुडघ्यालाही क्लच आता जड जातो, हे काकूंना माहीत आहे. पास झाली नाही तर काय, हे दोघंही बोलत नाहीत. लायनर पुण्याहून मागवलेत. पंक्चरवाला मुलगा रविवारी शेडमध्ये येणार आहे, चाकं तोच काढणार. बॅटरी धरायला मला बोलावलंय, तिकीट काढलंय.