पहाटे तीनचा गजर

जळगावहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची कन्या तीन महिन्यांपूर्वी एका प्रादेशिक विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून रुजू झाली. पेढे वाटून झाले, गणवेशातले छायाचित्र सगळ्या नातेवाइकांत फिरून झाले, आणि आता आईला निराळीच चिंता लागली आहे. मुलगी सुटीला घरी आली की दुपारभर झोपते, रात्री जागी राहते, लहानसहान गोष्टींवरून चिडते. मागच्या खेपेस अंगात कणकण आणि नाक चोंदलेले असतानाही ‘इतक्यात रजा मागितलेली बरी दिसत नाही’ असे म्हणून ती परत गेली. नव्या नोकरीत असे चालायचेच म्हणून सोडून द्यावे, की काळजी करावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

काळजीपेक्षा ह्या कामाची जाण अधिक उपयोगी पडेल, म्हणून आधी कामाविषयी. ‘उडान’ योजनेखालील पहिली उड्डाणे एप्रिल २०१७ मध्ये सुरू झाली आणि त्यांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. त्यानंतर लहान शहरांना जोडणाऱ्या विमानसेवा आपल्याकडे वाढत गेल्या. त्यांवर बहुधा एटीआर ७२ हे पंख्यांचे, सत्तरेक आसनांचे विमान असते. मोठ्या विमानाचा वैमानिक एकदा आकाशात चढला की दोन-तीन तास तुलनेने स्थिर असतो. प्रादेशिक मार्गावरचा टप्पा मात्र तासाभराचाच, आणि असे चार, कधी त्याहूनही अधिक टप्पे एका दिवसात. उड्डाण आणि अवतरण ह्या दोन वेळी वैमानिकाच्या लक्षावर सर्वाधिक ताण येतो; तो ताण दिवसात आठ-आठ वेळा सोसायचा. त्यातून नवागताची स्थिती अशी, की व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे किमान दोनशे तासांचे उड्डाण लहान विमानांवर झालेले, मग सिम्युलेटरवर ह्या विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण, आणि त्यानंतर थेट प्रवासी घेऊन प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसायचे. प्रत्येक अवतरणानंतर कोणीतरी आपल्या कामाची नोंद करीत आहे, ही जाणीव पहिले काही महिने सुटत नाही.

आता झोपेचा हिशेब मांडून पाहू. विमान सकाळी सहाला सुटायचे असेल, तर साधारण तासभर आधी कामावर हजर व्हावे लागते. घरून गाडी पावणेचारला, म्हणजे गजर तीनचा. आठ तासांची झोप हवी तर संध्याकाळी सातला अंथरुणावर पडले पाहिजे. आपल्या घरांत सातला देवापाशी दिवा लागतो, नऊला पाने वाढली जातात! मुलगी एकटी राहत असली तरीही सातला झोप लागणे कठीणच, कारण नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीराचे घड्याळ आपल्याला मुद्दामच जागे ठेवते. लवकर आडवे झालात तरी छताकडे पाहत पडून राहाल. विशी-पंचविशीत तर हे घड्याळ प्रौढांपेक्षा उशिराच्या वेळेस लागलेले असते. मग झोप लागते साडेदहाला आणि मिळते साडेचार तासांची. ओळीने तीन पहाटा अशा गेल्या की साडेदहा तासांची तूट साचते. चौथ्या दिवशी ती घरी येऊन दुपारभर झोपली, तर तो आळस नव्हे.

साचलेल्या झोपेचा एक दुष्ट गुण असा, की ज्याला ती लागलेली असते त्यालाच तिचा अंदाज येत नाही. १९९७ साली ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड ह्या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ‘नेचर’ नियतकालिकात एक साधी तुलना प्रसिद्ध केली. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाचे हात आणि डोळे यांचे कौशल्य रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतके घसरते, असे त्यांना आढळले. मद्याचा वास तरी येतो. जागरणाला वास नसतो. शिवाय पहाटे दोन ते सहा हा काळ शरीराच्या तापमानाचा आणि सावधपणाचा नीचांक असतो. त्या वेळेत केलेले काम, पुरेशी झोप झालेली असली तरी, दुपारच्या कामाइतके चोख होईलच असे नाही.

२००९ साली अमेरिकेत एक अपघात झाला. त्याच्या चौकशीतून नव्या प्रादेशिक वैमानिकाच्या आयुष्याचे जितके स्पष्ट चित्र जगापुढे आले तितके क्वचितच येते. १२ फेब्रुवारीच्या रात्री नेवार्कहून बफेलोकडे निघालेले कोल्गन एअरचे पंख्यांचे विमान धावपट्टीच्या अलीकडे एका घरावर कोसळले आणि पन्नास माणसे गेली. विमानाचा वेग घटत गेला, धोक्याचा इशारा देण्यासाठी सुकाणू थरथरू लागले, आणि नाक खाली करण्याऐवजी कॅप्टनने ते वर ओढले. चौकशी मंडळाने अपघाताचे मुख्य कारण हेच दिले.

परंतु अहवालाची पुढची पाने प्रत्येक वैमानिकाच्या घरच्यांनी समजून घ्यावीत अशी आहेत. सहवैमानिक चोवीस वर्षांची होती आणि कंपनीत येऊन तिला वर्षभर झाले होते. ती राहत होती देशाच्या पश्चिम टोकाला, सिएटलजवळ आई-वडिलांच्या घरी. नोकरी पूर्व किनाऱ्यावर. आदल्या रात्री दोन विमाने बदलून, रात्रभर प्रवास करून ती सकाळी नेवार्कला पोचली आणि कर्मचाऱ्यांच्या खोलीत जमेल तशी विसावली. कॅप्टनही दूर फ्लोरिडातून येत असे. नेवार्कला त्याचीही स्वतःची खोली नव्हती. तुटपुंज्या पगारात दुसरे बिऱ्हाड परवडत नसे. सहवैमानिकेला सर्दी झालेली होती. घरी असताना असे वाटले असते तर आपण निघालोच नसतो, आणि आता आजारी असल्याचे कळवले तर हॉटेलचा खर्च आपल्याच माथी येईल, अशा अर्थाचे तिचे बोलणे कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात आहे. थकव्याचा दोघांच्या कामावर बहुधा परिणाम झाला होता. तो नेमका किती, हे ठरवता येत नाही, असा निष्कर्ष मंडळाने नोंदवला. तो प्रामाणिक आहे. थकवा विमानाच्या अवशेषांत सापडत नाही.

मृतांच्या नातेवाइकांनी पुढे वॉशिंग्टनमध्ये पाठपुरावा केला आणि त्यातून अमेरिकेतले कायदे बदलले. दोन ड्यूट्यांमध्ये किमान दहा तासांची विश्रांती आणि त्यात सलग आठ तास झोपण्याची संधी, असा नियम २०१४ पासून तेथे लागू झाला. आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ च्या सुधारित नियमांत साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, आणि ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली. अवतरणांची संख्या वाढली की ड्यूटीची कमाल मर्यादा कमी होते, अशीही तरतूद आहे. नियमांची अंमलबजावणी आणि कंपन्यांचे वेळापत्रक यांची ओढाताण चालूच असते. त्यात मी शिरत नाही. घरच्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की नियम मोकळे तास देतो. त्या तासांत दार कितीदा वाजते, हे घरावर अवलंबून असते.

दुपारी अकराला झोपलेल्या मुलीच्या खोलीबाहेर काय काय चालते ते आठवून पाहा. कुकरच्या चार शिट्ट्या, मिक्सर, कुरियरवाला, ‘पायलट ताईंना बघायला’ आलेल्या शेजारच्या काकू, आणि ‘दोन घास खाऊन मग झोप’ म्हणून आईनेच लोटलेले दार. ह्यातली प्रत्येक गोष्ट प्रेमाची किंवा निरुपद्रवी आहे, आणि प्रत्येकीने झोपेचा एक तुकडा जातो. रात्रपाळीच्या परिचारिकांच्या घरी हे शहाणपण केव्हाच आलेले आहे; त्यांच्याकडून शिकावे. खिडकीला जाड, गडद पडदा, दाराला चिठ्ठी, फोन बाहेरच्या खोलीत, आणि जेवणाचा आग्रह उठल्यावर. मात्र दुपारची ही झोप सबंध सायंकाळ गिळू लागली तर रात्रीची झोप उडते. दीड ते दोन तासांनी हाक मारावी, असे तिच्याशीच ठरवून घ्यावे. उठल्याबरोबर दहा-पंधरा मिनिटे माणूस सुस्त आणि चिडका असतो. तेवढ्या वेळात कोणताही गंभीर विषय काढू नये, स्थळाचा तर मुळीच नाही. चहा-कॉफीचा अंमल निम्म्यावर यायलाच पाचएक तास लागतात. पहाटेच्या ड्यूटीच्या आदल्या दिवशी दुपारनंतरचा कप टाळलेला बरा.

चोंदलेल्या नाकाची गोष्ट मात्र ह्या सगळ्यापेक्षा तातडीची आहे. घशाच्या मागून कानाच्या पोकळीपर्यंत जाणारी एक नळी असते. विमान खाली येताना केबिनमधला दाब वाढतो आणि ही नळी उघडून तो कानात समतोल करते. सर्दीने नळी सुजली की दाब अडतो. तीव्र वेदना, कधी चक्कर, कधी पडद्याला इजा. प्रवाशाला हे एका प्रवासात एकदा सोसावे लागते, आपल्या भगिनींच्या कन्येला दिवसात चारदा, आणि तेही नेमके उतरतानाच्या क्षणी. ‘एवढ्याशा सर्दीने काय होते’ हे वाक्य अशा घरात निषिद्ध असावे.

बरे, सर्दीवर घरचे औषध द्यावे तर तिथेही खबरदारी हवी. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते, आणि गुंगी उतरल्यासारखी वाटली तरी सावधपणा पूर्ण परतलेला नसतो. उड्डाणापूर्वी आपल्याकडे श्वासचाचणी होते. बारा तास आधीपासून मद्य वर्ज्य असते. चाचणी पहिल्यांदा सदोष आली तरी परवाना तीन महिने निलंबित होऊ शकतो. म्हणूनच मद्यार्क असलेले माउथवॉश आणि औषधेही वैमानिकांना मनाई आहेत. दशमूलारिष्ट, द्राक्षासव यांसारख्या आसव-अरिष्टांत आंबवण्याच्या क्रियेतून मद्यार्क आपोआप निर्माण होतो, बाटलीवर तसे छापलेलेही असते. होमिओपॅथीचे अर्कही मद्यार्कातच असतात. आजीने मायेने पिशवीत घातलेली बाटली नातीच्या परवान्यावर बेतू शकते, हे आजीला सौम्य शब्दांत सांगितले पाहिजे. वैमानिकाने प्रत्येक औषध विमानवैद्यकाच्या डॉक्टरांना किंवा कंपनीच्या वैद्यकीय विभागाला विचारूनच घ्यावे.

आहाराविषयी फार लिहीत नाही. हवा उंचीवर प्रसरण पावते. केबिनचा दाब आठ हजार फुटांइतका झाला तर पोटातला वायू सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. तेव्हा ड्यूटीच्या आदल्या रात्री मटकीची उसळ नको, एवढे पुरे. पाण्याचे मात्र सांगायलाच हवे. दोन टप्प्यांमधल्या अर्ध्या तासात स्वच्छतागृह गाठण्याची कटकट नको म्हणून अनेक तरुण वैमानिक पाणीच कमी पितात, मुली अधिकच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ह्याचे फळ मुतखडा, आणि मुतखड्यासाठी वैमानिकाला उड्डाणापासून दूर ठेवले जाते.

आता रजा मागण्याविषयी. नव्या सहवैमानिकाला संकोच वाटतो, त्याची कारणे खरी आहेत. प्रशिक्षणासाठी घेतलेले मोठे कर्ज असते, नेमणूक अजून कायम झालेली नसते, शेजारी वडिलांच्या वयाचा कॅप्टन असतो. आपली मुले तर मोठ्यांपुढे ‘मला जमणार नाही’ न म्हणण्याच्या संस्कारातच वाढलेली. पण प्रकृती बिघडलेली असताना वैमानिकाने परवान्याचा वापर करू नये, हा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. कॅप्टन वेगाकडे दुर्लक्ष करीत असेल तर सहवैमानिकाने मोठ्याने बोलायचे असते, आणि त्यासाठी तिला खास प्रशिक्षण मिळालेले असते. स्वतःच्या तापाबद्दल बोलायला मात्र कोणी शिकवत नाही. ते घरी शिकता येते. फोनवर ‘कंपनीत नाव खराब होईल’ हे आपणच आधी म्हणू नये. ‘आज नको जाऊस, कळवून टाक; हप्त्याचे आपण बघू’ असे एकदा वडिलांच्या तोंडून ऐकले, की तिला कळवणे पुष्कळ सोपे होते.

दरवर्षीच्या वर्ग एकच्या वैद्यकीय तपासणीपूर्वी काही लपवण्याचा सल्लाही घरातूनच येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. लपवलेला विकार उपचाराविना वाढतो आणि पुढे अधिक महाग पडतो. वेळीच सांगितलेल्या बहुतेक तक्रारींवर उपचार होऊन वैमानिक पुन्हा आकाशात जातात. जळगावच्या भगिनींनी पुढील चार-सहा आठवडे एवढेच पाहावे: सलग दोन सुट्यांनंतर मुलगी ताजीतवानी होते का. होत असेल, तर तिचे शरीर नव्या वेळांशी जुळवून घेत आहे. पुरेशी रात्र मिळूनही झोप लागत नसेल, जेवणावरची आणि आवडत्या गोष्टींवरची इच्छा दोन आठवड्यांहून अधिक काळ उडाली असेल, किंवा कामावर जाण्याच्या आदल्या संध्याकाळी छाती धडधडत असेल, तर विमानवैद्यकाचा अनुभव असलेल्या डॉक्टरांची वेळ घ्यावी. ती घेताना आधी मुलीचे रोस्टर विचारावे आणि पहाटेच्या ड्यूटीनंतरचा दिवस टाळावा.