बागेचं कुलूप काढा, नदीचा काठ सोडा!

पुणेकर हो,

मे महिन्यात दुपारी दीड वाजता या शहरात झाडाखाली फुकट बसायचं असेल, तर कुठे बसाल? महापालिकेची दोनशेहून अधिक उद्यानं आहेत. त्यांतली बहुतेक सकाळी दहा-अकराला बंद होतात, ती उघडतात चारच्या पुढे. ऊन डोक्यावर असतं नेमक्या त्याच वेळी सावलीला साखळी!

कुठल्याही बागेच्या फाटकाबाहेर दुपारी उभं राहून पाहा. तीन घरची धुणीभांडी उरकून चौथ्या घरची वेळ होईपर्यंत कठड्याला टेकलेल्या मावशी दिसतील. स्कूटरच्या सीटवर डबा उघडून जेवणारा डिलिव्हरीवाला दिसेल. पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत पत्रा तापला म्हणून पुस्तक घेऊन बाहेर पडलेली स्पर्धा परीक्षेची पोरं दिसतील. आत मात्र बाकं रिकामी. सकाळी फिरायला आणि संध्याकाळी नातवंडं खेळवायला येणाऱ्यांची सोय झाली, याचा आनंदच आहे. पण दुपारच्या माणसांनी काय घोडं मारलंय?

कुलपाची कारणं ठरलेली आहेत. झाडांना पाणी घालायचं असतं, झाडलोट असते, जोडपी येऊन बसतात, दारुडे शिरतात. पाणी घालायला माळी लागतो, त्यासाठी फाटक कशाला लावायचं? दोघांनी बाकावर बसून बोलणं हा गुन्हा नाही. आणि दारुडे ओसाड जागा शोधतात. बायका, म्हातारी माणसं, पोरं जिथे दिवसभर वावरतात तिथे त्यांचं फावत नाही. रखवालदाराची एक जादा पाळी लागेल, हे मान्य. तेवढा खर्च करा. पण खरी अडचण खर्चाची नाहीच. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या कपबश्यांसारखी बाग दुरून बघायची, वापरायची नाही, असं पालिकेने मनाशी धरलंय.

तीच नजर आता नदीवर पडली आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून 44 किलोमीटरची नदीकाठ सुधार योजना, अंदाजे खर्च 4,700 कोटींच्या घरात. संगमवाडी-बंडगार्डन भागात जाऊन पाहा: दगडी उतार, सरळसोट पदपथ. नदीकाठी फिरायला मिळावं, ही मागणी आमचीही आहे. त्यासाठी नदी बांधून काढायची गरज काय?

दाखला देतात साबरमतीचा. तिथे नर्मदेच्या कालव्याचं पाणी आणून पात्र भरलेलं ठेवतात. मुठेत कोण पाणी सोडणार? खडकवासल्याचं पाणी आपण पितो, उरलेलं कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतीला जातं. उन्हाळ्यात मुठेत वाहतं ते मुख्यतः आपलंच सांडपाणी. नाल्यांचं मैलापाणी अडवून शुद्ध करण्याआधी काठावर बाकं मांडली, तर तिथे नाकाला रुमाल लावून बसावं लागेल.

आणि पुराचं काय? 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, ते सोडून देऊ. 25 जुलै 2024 ला कुठलंही धरण फुटलं नव्हतं. खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी घरांत शिरलं. भिडे पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो, नदीपात्रातल्या गाड्या हलवा म्हणून भोंगे फिरतात. नदी आपली जागा दरवर्षी मोजून दाखवते, तरी आपण तिच्या अंगावर भराव घालतो! गवत, करंज, उंबर चार दिवस पाण्याखाली राहून पुन्हा सावरतात. फरशा आणि दिवे वाहून गेले की नवी निविदा निघते, पैसे पुन्हा आपलेच.

लोकांना काय आवडतं, हे पाहायला सल्लागार कंपनी नको. पहाटे वेताळ टेकडीवर किंवा हनुमान टेकडीवर जा. तिकीट नाही, कारंजी नाहीत, रंगीत दिवे नाहीत. मातीची पायवाट, झाडं आणि मोकळी हवा. तरी रोज शेकडो पाय तिथे वळतात, म्हणून तर टेकडी फोडून रस्ता काढायचा म्हटलं की लोक रस्त्यावर उतरतात. नदीकाठही असाच हवा: पायवाटेचा, सावलीचा, पाऊस आला की नदीला परत देता येणारा.

म्हणून आमच्या मागण्या:

1. सर्व सार्वजनिक उद्यानं सकाळी सहा ते रात्री नऊ सलग उघडी ठेवा. प्रत्येक बागेत पिण्याचं पाणी आणि चालू स्थितीतलं स्वच्छतागृह हवं, बायकांसाठी तर हवंच हवं.

2. निळ्या पूररेषेच्या आत नवा भराव आणि काँक्रीट बंद. तिथे मातीच्या वाटा, गवत आणि काठावरची जुनी झाडं राहू द्या.

3. आधी नाले, मग सुशोभीकरण. कोणत्या नाल्याचं पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं आणि कोणत्याचं थेट नदीत, याचा फलक प्रत्येक नाल्याच्या मुखाशी लावा.

4. येरवड्याचं डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य आणि शहरातल्या टेकड्या आहेत तशा राखा.

तुम्ही काय कराल? पालिकेच्या सहभागी अंदाजपत्रकात नागरिकांना कामं सुचवता येतात. या वेळी पेव्हर ब्लॉक आणि नामफलक सुचवू नका. आपल्या बागेसाठी दुपारचा रखवालदार मागा. क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नगरसेवकाला गाठून एकच विचारा: आमच्या प्रभागातली बाग दुपारी का बंद? उत्तर लेखी मागा. आणि येत्या रविवारी भर दुपारी बारा वाजता, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन, आपापल्या बागेच्या फाटकाशी जमा. फाटक उघडलं तर आत बसून जेवू. नाही उघडलं तर बाहेर बसून जेवू, पण बसू!

बागा आपल्या, नदी आपली. कुलूप काढा, काठ सोडा!

– पुण्याच्या बागांत बसणारे आणि नदीकाठी चालणारे नागरिक

(वाचून झाल्यावर पत्रक टाकू नका, शेजाऱ्याला द्या.)