धूर दिसला की इंजिन उघडू नका

आमच्या रिठद भागातला छोटा व्यापारी दुकानापेक्षा आठवडी बाजारावर जास्त जगतो. रिसोड, वाशिम, सेनगाव अशा बाजारांना कापडाची गाठोडी घेऊन जायचे तर गाडी हवी, आणि ती बहुधा जुनी असते. कोणाची मारुती ओम्नी, कोणाची बजाज चेतक. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले. चेतकचे नाव २०२० पासून विजेच्या स्कूटरवर लागले. म्हणजे इंजिन बसले की ते बांधून घेणे एवढाच मार्ग उरतो. बांधून आणलेले इंजिन आठ दिवसांत निळा धूर सोडू लागले आणि प्लग काळे पडू लागले की व्यापारी व मिस्त्री यांच्यात जो तंटा होतो, तो वाचकांनी पाहिलाच असेल. तंट्यातले दोघेही या पानाचे वाचक आहेत, म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही कापडवाले. थान फाडण्याआधी उजेडात धरून पाहतो, कारण फाडलेले थान परत होत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. दर वेळी सिलिंडर बोअर केला की लोखंड झिजते आणि पुढच्या मापाचा पिस्टन लागतो. ही मापे दोन-चारच असतात. म्हणून धूर दिसताच पुन्हा हेड उतरवणे याला आमचा साफ विरोध आहे. हकीम आधी नब्ज पाहतो, नश्तर नंतर काढतो.

इंजिनाची नब्ज म्हणजे धुराचा रंग आणि प्लगचे तोंड. काळा धूर आणि कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जळते आहे. चोक अडकला असेल, एअर फिल्टर तुंबला असेल किंवा ठिणगी कमजोर असेल. रिंगांचा त्यात काही दोष नाही. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही राहिला आणि रेडिएटरचे पाणी घटत गेले तर हेड गॅस्केट पाहावे. खरा झगडा निळ्या धुराचा आणि तेलाने ओल्या झालेल्या प्लगचा.

ओम्नीत तीन सिलिंडर आणि तीन प्लग. तिन्ही काढून क्रमाने कागदावर ठेवावेत. तिन्ही सारखे तेलकट असतील तर आधी तेलाची पातळी आणि ब्रीदरची नळी पाहावी. तेल जास्त भरले किंवा नळी तुंबली तरी धूर येतो आणि बिचारा मिस्त्री बदनाम होतो. एकच प्लग ओला असेल तर तो दुसऱ्या सिलिंडरमध्ये बसवून थोडी गाडी चालवावी. जागा बदलूनही जुन्याच सिलिंडरचा प्लग ओला झाला तर दोष त्या सिलिंडरचा, प्लगचा नव्हे.

मग धूर केव्हा येतो ते पाहावे. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना झपकन निळा धूर येऊन थांबतो किंवा उतारावरून उतरून पुन्हा रेस दिली की येतो, तर बहुधा व्हॉल्व्हची सीले किंवा गाईड. सतत आणि चढावर जास्त येतो तर रिंगा. गेज लावून कॉम्प्रेशन पाहावे, नंतर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा पाहावे. आकडा चढला तर रिंगांतून दाब जातो. मात्र आकडा चांगला आला म्हणून रिंगा निर्दोष ठरत नाहीत. तेलाची रिंग चुकीची बसली असेल तर कॉम्प्रेशन ठीक राहूनही तेल जळते. हे अनेक चांगल्या मिस्त्रींनाही सांगावे लागते.

नव्या रिंगांना बसायला काही शे किलोमीटर लागतात आणि तोवर थोडा धूर चालतो. तो दिवसेंदिवस कमी होतो की वाढतो, हे पाहावे. आमच्याकडे बांधलेले इंजिन तासन् तास जागेवर फुरफुरत ठेवण्याची रीत आहे. ती वाईट आहे. बिनबोजाच्या इंजिनात रिंगा सिलिंडरला नीट घासत नाहीत आणि सिलिंडरला काचेसारखी झिलई चढते. गाडी रस्त्यावर कमीजास्त वेगाने चालवावी. पण पहिल्याच बाजाराला बारा गाठोडी लादणे हाही जुलूमच.

जुन्या टू-स्ट्रोक चेतकचा हिसाब वेगळा. तिच्या पेट्रोलमध्येच तेल असते, थोडा धूर तिच्या जन्माचा आहे. लिटरला २० मिली तेल पुरते, लोक अंदाजाने झाकण झाकण ओततात आणि प्लगला दोष देतात. माप बरोबर असूनही धुराचे लोट येत असतील तर गिअरचे तेल मोजावे. बाहेर गळती नसताना ते घटत असेल तर क्लचच्या बाजूचे क्रँकचे ऑईल सील गेले असे समजावे. इंजिन गिअरचे तेल पिऊन जाळते आहे. इथे नवा पिस्टन घालणे म्हणजे पैसा नाल्यात. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले तर उलट होते: हवा आत ओढली जाते, प्लग पांढरा पडतो आणि इंजिन तापते.

काहीजण जास्त गरम जातीचा प्लग घालून काळेपणा झाकतात. मर्ज तसाच राहतो. त्यातही गोंधळ असा, की एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा तितका प्लग थंड, आणि बॉशच्या, म्हणजे जुने उस्ताद ज्याला मायको म्हणतात त्याच्यावर, नेमके उलटे.

या तपासणीला फार तर अर्धा दिवस लागतो. मग ती होत का नाही? दोष आमच्या व्यापारी भावांचाही आहे. आम्ही मिस्त्रीला सामानाचे आणि खोलण्या-बांधण्याचे पैसे देतो, डोके चालवल्याचे देत नाही. ज्याला खोलल्याशिवाय मजुरी नाही तो खोलणारच. तपासणीची मजुरी वेगळी ठरावी आणि इंजिन उघडण्याआधीच हातावर ठेवावी. मिस्त्रीनेही चिठ्ठीवर बोअरचे माप, पिस्टनचा साईज, प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन आणि मीटरवरचे किलोमीटर लिहून द्यावे, आणि काढलेल्या रिंगा व सीले पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हवाली करावीत.