हिशोब कोणी मागायचा?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. गेल्या पंधरवड्यात एकच निरोप मला मोबाईलवर चार वेळा आला. पाठवणाऱ्यांत दोघे माझे सख्खे भाचे! मतितार्थ असा, की आम्ही घाम गाळून कर भरायचा, सरकारनं तो फुकट्यांवर उधळायचा आणि पुढाऱ्यांनी स्वतःची घरं भरायची. तेव्हा करदात्यांनो, एक व्हा आणि रस्त्यावर उतरा. आता या चौघांपैकी रस्त्यावर कोण किती उतरणार हे मला चांगलं माहीत आहे. (रागावू नका रे, मावशीला एवढं म्हणायचा हक्क आहे.)

तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये आपल्या विधिमंडळानं आमदारांचं वेतन महिना पंचाहत्तर हजारांच्या आसपास होतं, ते दीड लाखाच्या पुढे नेलं. चर्चेशिवाय! एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष तेवढ्यापुरते अगदी एका आईची लेकरं झाले. त्याच राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या शिक्षकाला जुनं पेन्शन नाही, कारण काय तर तिजोरीला झेपत नाही. मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांनी संप केला तेव्हा हेच उत्तर पुन्हा ऐकायला मिळालं. आमदार मात्र एकदा निवडून आला की त्याला तहहयात निवृत्तीवेतन. मी स्वतः जुन्या पेन्शनवाली आहे, म्हणजे माझा महिना तुमच्याच करातून चालतो. तेव्हा मी काही तटस्थ पंच नाही, हे आधीच सांगून टाकते.

पण त्या निरोपातला 'करदाता' हा शब्द मला खटकतो. आयकराचं विवरणपत्र भरतो तोच करदाता, बाकीचे सगळे खाणारे, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. अहो, आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई साबणाची वडी घेते, एसटीचं तिकीट काढते. कर तिनेही भरलेलाच असतो. तिला कोणी पावती देत नाही, इतकंच.

यावरून आठवलं. मी नोकरीला लागले तेव्हा पगाराच्या कागदावर 'व्यवसाय कर' अशी एक छोटी कपात असायची. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे रोजगार हमीची कामं सुरू झाली आणि त्यांच्या खर्चासाठी १९७५ मध्ये हा कर बसवला गेला. म्हणजे शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराच्या मजुरीसाठी दिलेले पैसे. देशात दुसरीकडे असं काही नव्हतं, आणि मला त्याचा अजूनही अभिमान आहे. स्टाफरूममध्ये त्या कपातीवरून कुरकुर व्हायचीच. "सगळी बोगस मस्टरं, मुकादमाच्या खिशात जातात पैसे," असं चहा पिता पिता सगळेच म्हणायचे. पण त्या वीस-पंचवीस जणांपैकी एकानेही, 'चला, तालुक्याला जाऊन ते मस्टर बघू तरी,' असं कधी म्हटलं नाही. मागितलं असतं तर कोणी दाखवलंही नसतं, ते वेगळं. मुद्दा हा, की पैसे आमचे होते आणि हिशोब मागायचं आमच्या डोक्यात आलं नाही.

ते आलं राजस्थानातल्या मजुरांच्या डोक्यात.

ही हकिगत तरुण वाचकांना बहुधा माहीत नसेल, म्हणून जरा सविस्तर सांगते. आयएएसची नोकरी सोडलेल्या अरुणा रॉय, अमेरिकेतलं शिक्षण सोडून आलेले निखिल डे आणि तिथलेच शंकर सिंह हे तिघे १९८७ मध्ये राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरी नावाच्या छोट्या गावात मातीच्या घरात राहायला गेले. १ मे १९९० ला मजूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली. भांडण साधं होतं. दुष्काळी कामावर सरकारनं ठरवलेली किमान मजुरी मिळत नव्हती. विचारलं की उत्तर ठरलेलं, तुम्ही काम कमी केलं, कागदावर तसं लिहिलंय. मग दाखवा की तो कागद! तर म्हणे तो सरकारी आहे, गोपनीय आहे. खड्डा खणला यांनी, हजेरी यांची, अंगठा यांचा, आणि कागद गोपनीय.

डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराणा इथे त्यांनी पहिली जनसुनवाई घेतली. काही भल्या अधिकाऱ्यांमुळे कागद पाहायला मिळाले होते. मांडव घातला, माईक लावला आणि मस्टरवरची नावं एकेक करून मोठ्यानं वाचली. बस्स, एवढंच! भाषण नाही की मुर्दाबाद नाही. अमुक माणसानं इतके दिवस काम केलं, इतके रुपये घेतले. खरं का रे बाबा? आणि तो माणूस समोरच उभा राहून सांगायचा, की मी त्या कामावर गेलोच नव्हतो. अशा सुनावण्या पुढे गावोगाव झाल्या. कुठे मस्टरवर मेलेल्या माणसांची नावं निघाली, कुठे गाव सोडून गेलेल्यांची. अर्धवट पडलेल्या इमारती कागदावर पूर्ण झालेल्या आढळल्या. सगळ्यांना आतून ठाऊक असलेली गोष्ट पहिल्यांदा नावानिशी, आकड्यानिशी, गावासमोर बोलली गेली.

आता पुढाऱ्यांची तऱ्हा बघा. एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत जाहीर केलं की पंचायतीच्या खर्चाच्या कागदांच्या नकला लोकांना मिळतील. टाळ्या पडल्या. वर्ष गेलं, आदेश नाही. मग ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावरला धरणं सुरू झालं. त्याच सुमारास आदेश निघाला, पण कसा? कागद बघा, नक्कल मागू नका. लोक उठले नाहीत, चाळीस दिवस बसले. ब्यावरच्या बाजारातल्या लोकांनी भाजी दिली, धान्य दिलं, पैसे दिले. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा तिथली. १९९७ मध्ये जयपूरला पुन्हा त्रेपन्न दिवस धरणं. आणि शेवटी सरकारकडून काय कळावं? नकला देण्याचा आदेश म्हणे सहा महिन्यांपूर्वीच निघाला आहे! माहिती देण्याचा आदेशच सहा महिने कोणाला माहीत नाही. हे पुलंना सुचलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतिशयोक्ती झाली.

त्या संघटनेतल्या, जेमतेम चौथीपर्यंत शिकलेल्या एका बाईंना दिल्लीत पत्रकारांनी विचारलं होतं, तुम्हाला कशाला हवी ही माहिती? त्यांचं म्हणणं असं, की मुलाला दहा रुपये देऊन बाजारात पाठवलं तर परत आल्यावर मी हिशोब विचारते. सरकार माझ्या नावावर इतका पैसा खर्च करतं, मग त्याला का विचारू नये? मी बीएला दोन वर्षं अर्थशास्त्राचा पेपर दिला आहे, सार्वजनिक वित्तव्यवहाराचं याहून सोपं विवेचन मला आठवत नाही.

पुढे राज्याराज्यांत कायदे झाले. आपल्याकडे अण्णा हजारेंच्या आंदोलनामुळे २००२ चा कायदा आला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा माहिती अधिकार कायदा लागू झाला. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांत उत्तर.

कायदा ज्यांनी केला त्यांचं पुढे काय झालं? जून २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगानं निर्णय दिला की काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी, बसप आणि दोन्ही कम्युनिस्ट पक्ष या कायद्याखाली येतात. एकाही पक्षानं तो मानला नाही. डावे, उजवे, मधले, सगळे पुन्हा एका आईची लेकरं! दोनच महिन्यांत पक्षांना वगळणारं विधेयक संसदेत आलं. ते पार पडलं नाही, पण निर्णयही अमलात आला नाही. मार्च २०१५ मध्ये आयोगानंच कबूल केलं की तो अमलात आणणं आपल्या हाती नाही. पारदर्शकतेवरची भाषणं मात्र थांबली नाहीत.

आणि आता जे झालं आहे त्यावर मला कोणाचाही निरोप आलेला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात एक छोटं कलम घालून माहिती अधिकारातलं ८(१)(जे) बदललं गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागू झाला. पूर्वी खाजगी माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती देणं म्हणजे उगाच कोणाच्या खाजगीपणात घुसणं आहे, असं अधिकाऱ्याला दाखवावं लागे. व्यापक जनहित असेल तर माहिती देताही येई. आता 'वैयक्तिक माहिती' एवढंच म्हणणं पुरतं. कायद्यात ८(२) चं जनहिताचं कलम शिल्लक आहे, हे खरं. पण पहिल्याच खिडकीवरचा कारकून ते उघडून बघेल अशी आशा मला तरी नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कोट किराण्याला वाचलं काय गेलं होतं? नावं! मस्टरवरचं नाव ही वैयक्तिक माहिती नाही तर काय? मजुराचं, लाभार्थीचं, ठेकेदाराचं, सही करणाऱ्याचं नाव खोडून जर कागद हातात दिला, तर मेलेला माणूस मजुरी घेऊन गेला हे कोणाला कळणार? नुसती बेरीज तर बरोबरच असते, चोरी नेहमी नावात असते. माझ्या खाजगी गोष्टी बाजारात जाऊ नयेत हे मलाही हवंय. पण माझा आजार आणि सरकारी मस्टरवरची सही या एकाच पेटीत ठेवायच्या गोष्टी नव्हेत.

भाच्यांनो, म्हणून विचारते. रेशनवरच्या बाईला किती मिळतं यावर तुमचं रक्त उसळतं, मग या कलमावर का नाही? की 'उधळपट्टी' असं मोघम ओरडायला बरं वाटतं, आणि एक कागद मागून तो ओळ न् ओळ वाचणं कंटाळवाणं? मी समजू शकते. सहामाहीचे पेपर तपासण्यासारखंच आहे ते.

आमच्या गल्लीत तीन वर्षांत दोनदा पेव्हर ब्लॉक बसले. पहिले चांगले होते हो. गेल्या आठवड्यात मी नगरपालिकेत अर्ज टाकला आहे: दोन्ही कामांची मोजमाप पुस्तकाची पानं, बिलं, आणि काम पाहून सही करणाऱ्याचं नाव. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलं. आवक खिडकीवरचा मुलगा माझा विद्यार्थी निघाला. म्हणाला, "बाई, कशाला त्रास करून घेता?" पोच मात्र शिक्का मारून दिली. दुपारी शेजारच्या जोशीकाकूंनीही तसाच अर्ज लिहून मागितला, त्यांच्या दारापुढच्या गटाराचा.